हवालदार घरी आले, कागद ट्रंकेतच राहिले

हे एकाच माणसाचं प्रकरण आहे. त्यांनी लिहायला हो म्हणलंय पण ओळख नको म्हणलंय, म्हणून नाव-गाव देत नाही, सगळीकडं "मेजर" असंच लिहितो. आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत शिपाई म्हणून पेन्शन येऊ दे नाहीतर सुभेदार म्हणून, लोकांच्या तोंडी तो मेजरच असतो. हे मेजर पायदळातनं २४ वर्षं सर्विस करून हवालदार रँकवर जुलैच्या शेवटच्या तारखेला पेन्शन आले. वय ४२. घरी आई, बायको, नुकतीच बारावी होऊन इंजिनिअरिंगला लागलेली मुलगी आणि आठवीतला मुलगा. मी स्वतः युनिटमध्ये क्लार्क होतो, बाहेर येऊन ९ वर्षं झाली, आता तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत लोकांची कागदपत्रं बघतो. पगार नाही, ऑफिस नाही, एक जुना लॅपटॉप आणि फोन एवढंच.

तिन्ही दलांतनं मिळून देशात दरवर्षी साधारण ६०,००० माणसं अशी घरी येतात, आणि त्यातली बहुतेक चाळिशीच्या आसपासची असतात, म्हणजे पोरं शिकायची असतात, आईबाप म्हातारे झालेले असतात आणि स्वतःच्या हाताला अजून वीस वर्षं काम पाहिजे असतं. त्यांच्यासाठी काहीच नाही असं कोणी म्हणू नये. दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे, त्याचं मूळ १९१९ च्या इंडियन सोल्जर्स बोर्डापर्यंत जातं, म्हणजे पहिल्या महायुद्धातनं परत आलेल्यांची सोय बघायला ते निघालं होतं. आपल्या राज्यात सैनिक कल्याण विभाग आहे, त्याचं मुख्य कार्यालय पुण्यात, त्याखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, त्यात कल्याण संघटक असतात जे तालुक्यात फिरतात. आरोग्यासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची योजना आहे. पेन्शनसाठी स्पर्श ही ऑनलाइन व्यवस्था आहे. नोकरीसाठी मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ आहे, पुनर्वसन महासंचालनालय आहे. आणि हे सगळं असताना, एसटीनं दीड तासाच्या अंतरावर असताना, आमचे मेजर अडीच महिने यातल्या एकाही दारात गेले नव्हते. मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड तेवढं त्यांनी पहिल्याच महिन्यात करायला टाकलं होतं.

ऑगस्टमधली माझी चूक

ते मला पहिल्यांदा भेटले ते स्टँडवर, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. इस्त्रीची पँट, बूट चकचकीत, हातात काहीच नाही. म्हणलं मेजर कुठं निघालाय, तर म्हणाले कुठं नाही, बसलोय. रोज सकाळी तिथं येऊन दोन तास बसायचे हे मला नंतर कळलं. मी चहा घेतला त्यांच्याबरोबर, विचारलं कार्यालयात नाव नोंदवलं का, ईसीएचएसचं कार्ड झालं का, त्यांनी "बघतो की, गडबड काय हाय" म्हणलं. मी घरी येऊन त्यांना व्हॉट्सअपवर भली मोठी यादी पाठवली, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर, लागणारी कागदपत्रं, कुठल्या योजनेला काय, सगळं. दोन निळ्या टिका आल्या आणि मला वाटलं आपलं काम झालं.

काहीच झालं नव्हतं. त्या यादीत १९ मुद्दे होते, मी नंतर मोजले. २४ वर्षं ज्या माणसाला कुठल्याही कागदासाठी स्वतः कुठं जावं लागलं नाही त्याला मी एका मेसेजमध्ये १९ कामं सांगितली होती आणि पहिलं कुठलं करायचं तेच सांगितलं नव्हतं.

हे जरा नीट सांगतो कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे. युनिटमध्ये माणसाला सुट्टी पाहिजे असली तर तो सेक्शन कमांडरला सांगतो, पुढचं सगळं आमच्यासारखे बाबू करतात. लग्न झालं, पोरगं झालं, पत्ता बदलला, तर तो सांगतो आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्विस रेकॉर्डात त्या बदलाची नोंद, आम्ही काढतो. पगार वेळेवर, कपडे वेळेवर, तपासणीला कधी जायचं ते रोल कॉलला सांगतात. फौजेत कागद आपल्यामागं येतो आणि बाहेर आल्यावर आपण कागदामागं फिरायचं असतं, हा बदल एका रात्रीत होतो, ३१ तारखेच्या रात्री. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मेजरांनी मला फार उशिरा बोलून दाखवली. "सैनिक कल्याण" हे नाव वाचून त्यांना वाटलं होतं की ते विधवांसाठी, जखमींसाठी, ज्यांना पेन्शन नाही अशा म्हाताऱ्यांसाठी आहे. "आपल्याला पेन्शन हाय, हातपाय धड हायत, आपण तिथं जाऊन कुणाचा वाटा घ्यायचा?" असं ते म्हणाले. आळस नव्हता तो, त्यांचा स्वभावच तसा आहे, आणि असे स्वभाव आपल्या लोकांत भरपूर आहेत, त्यामुळं मी आता पहिलं वाक्यच हे बोलतो की नोंदणी म्हणजे मदत मागणं नाही, तुम्ही बाहेर आलाय एवढं जिल्ह्याला माहीत करून देणं आहे.

ऑक्टोबरमध्ये आलेला फोन

फोन मेजरांचा नव्हता, वहिनींचा होता. रात्री साडेनऊ. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, काउंटरवर विचारलं फौजी आहात तर ईसीएचएस कार्ड द्या, आणि कार्ड नव्हतं. "भाऊ, ह्यांनी पैसे भरलेत म्हणतात मग कार्ड कुठं हाय?" एवढंच त्या विचारत होत्या, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. पेन्शन येताना पैसे कापून घेतलेलेच असतात. शिपायापासून हवालदारापर्यंत ₹३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि ज्यांना नायब सुभेदाराचा एमएसीपी (प्रमोशन नसलं तरी ठराविक वर्षांनी लागणारी वरची पगारश्रेणी) लागलाय त्यांना ₹६७,०००, अधिकाऱ्यांना ₹१,२०,०००. मेजरांना २४ वर्षं झाल्यामुळं एमएसीपी लागला होता, म्हणजे ₹६७,००० गेले होते आणि हातात कार्ड नव्हतं.

ऑपरेशन रोख पैसे भरून झालं. ग्रॅच्युइटीच्या पैशातनं. ईसीएचएसमध्ये अडीअडचणीला पॅनेलवर नसलेल्या दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन दिवसांच्या आत ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याला, म्हणजे पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, ते कुणाला माहीत नव्हतं, पक्की बिलंही अर्धीच घेतली होती, त्यामुळं तो खर्च अंगावरच पडला. मी ऑगस्टमध्ये यादी पाठवण्याऐवजी त्यांच्या घरी जाऊन तासभर बसलो असतो तर हा खर्च बहुतेक वाचला असता. हे मी त्यांना सांगितलं पण.

तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. म्हणलं मेजर, ट्रंक काढा.

पांढऱ्या पेंटनं नंबर, रँक, नाव लिहिलेली काळी ट्रंक पलंगाखालनं ओढून काढली. वर घडी घातलेली मच्छरदाणी, मग दोन जर्सी, खाली युनिटनं निरोपाला दिलेलं मानचिन्ह, आणि एकदम तळाला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं आयुष्य. डिस्चार्ज बुक. ई-पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची प्रिंट. १५ वर्षं सर्विस झालेल्या दहावी पास सैनिकाला मिळतं ते ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट, जे त्यांनी इतर प्रशस्तिपत्रांबरोबर लावून ठेवलं होतं, त्याचा नोकरीला उपयोग होतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि ईसीएचएसच्या ऑनलाइन अर्जाचा कागद, युनिटच्या क्लार्कनं भरून दिलेला. मी मोबाइलवर लॉगिन करून बघितलं तर अर्ज ऑगस्टमध्येच परत आलेला. कारण एका ओळीत होतं: बायकोचं नाव सर्विस रेकॉर्डशी जुळत नाही.

नावाची गोष्ट

आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा. मेजरांचं लग्न झालं तेव्हा ते सुट्टी संपवून युनिटला गेले, क्लार्कनं विचारलं बायकोचं नाव काय, त्यांनी माहेरचं नाव सांगितलं, कारण लग्नपत्रिकेवर तेच होतं आणि पार्ट टू ऑर्डर तशीच निघाली. इकडं घरी सासरचं नाव रुळलं, रेशनकार्डावर तेच लागलं, पुढं मतदान कार्ड, आधार, बँकेचं खातं, पोरांच्या शाळेचे दाखले, सगळीकडं सासरचं. म्हणजे २० वर्षं एकाच बाईची दोन नावं दोन जगांत सुखानं नांदत होती आणि दोन्ही जगं पहिल्यांदा एकमेकांना भेटली ती एका ऑनलाइन फॉर्मवर.

वहिनींनी डिस्चार्ज बुक हातात घेतलं, कुटुंबाच्या पानावर बोट ठेवून आपलं माहेरचं नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे उद्या ह्यांचं काय बरंवाईट झालं तर पेन्शन हिला मिळणार, मला नाही." मी म्हणलं वहिनी, हीच ती तुम्ही. पण कायद्याच्या डोळ्यानं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओवर जे नाव असतं ते आणि आधारवरचं नाव एक नसलं की नवरा गेल्यावर त्याच बाईला आपण तीच आहे हे सिद्ध करत फिरावं लागतं, आणि मी अशा तीन बायका बघितल्यात, एकीला तर दीड वर्ष लागलं. ते दुःख आणि वर ही पायपीट. त्यामुळं ईसीएचएसचा अर्ज परत आला हे एका अर्थानं बरंच झालं असं मी म्हणलं, नवरा जिवंत असताना, शेजारी बसून सही करायला असताना चूक सापडली.

सर्विसमध्ये असताना ही दुरुस्ती सोपी असते, युनिटमध्ये कागद द्या, नवी पार्ट टू ऑर्डर निघते. बाहेर आल्यावर तेच काम लांबतं. आम्ही केलं ते असं: आधी ग्रामपंचायतीतनं विवाह नोंदणीचा दाखला काढला (गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), मग नवरा-बायको दोघांचं प्रतिज्ञापत्र की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच, मग नाव बदलल्याचं राजपत्र, जे ऑनलाइन अर्ज करून मिळतं, आणि हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या पत्रासोबत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. रेकॉर्ड ऑफिसनं नोंद सुधारली की मग दुरुस्त पीपीओ आणि स्पर्शमधलं नाव. हा क्रम उलटा करायला गेलं की कागद फिरून परत येतात, आधी स्पर्शवर तक्रार टाकून बसणारे बरेच जण मी बघितलेत.

कार्यालयातला दिवस

यादी न पाठवता या वेळी मी बरोबर गेलो. सकाळी सातची एसटी, मेजर, वहिनी आणि मी. वहिनींना न्यायचं का म्हणून मेजर जरा कां-कू करत होते, पण २० वर्षं घर वहिनींनी चालवलेलं, तलाठी, बँक, शाळा, वीज मंडळ सगळ्यांशी त्याच बोलायच्या, मेजर वर्षातनं दोन महिने सुट्टीवर आलेले पाहुणे. मी स्पष्ट म्हणलं की तुमच्यापेक्षा वहिनींना ऑफिसची जास्त सवय आहे. त्या दिवशी ते खरंच ठरलं.

जिल्हा कार्यालयात आत गेल्यागेल्या मेजरांच्या चालीत फरक पडला. टेबलामागं बसलेले लिपिक स्वतः माजी सैनिक, त्यांनी मान वर करून पहिला प्रश्न विचारला, "कुठली पलटण?" बास. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी मेजरांना मोकळं हसताना बघितलं. पंधरा मिनिटं कुठल्या सालात कुणाची पलटण कुठं होती हेच चाललं, मी मध्ये बोललो नाही. फॉर्म भरायच्या आधी ती पंधरा मिनिटं द्यायचीच असतात असं माझं मत झालंय, मग पुढचं काम पटापट होतं.

त्या एका दिवसात नोंदणी झाली, ओळखपत्राचा अर्ज गेला, रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रासाठी कागद जमा झाले, नोकरीसाठी नाव नोंदवलं. मुलीचं तर मी विसरलोच होतो, वहिनींनी विचारलं म्हणून निघालं. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक पदवीला पहिल्या वर्षात असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना अर्ज करता येतो, मुलींना महिन्याला ₹३,०००, मुलांना ₹२,५००, देशात वर्षाला ५,५०० जणांना मिळते, बारावीला ६० टक्के लागतात. मुलीला ७१ होते. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर जातो पण त्यासाठी जिल्हा कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मुख्य म्हणजे पहिल्याच वर्षी करावा लागतो, दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. मेजर मार्चपर्यंत तसेच स्टँडवर बसले असते तर मुलीचं हे कायमचं गेलं असतं. या मुदतीची कुठलीही सूचना घरी येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, घरपट्टीची. राज्य सरकारनं २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी दिलेली आहे, ग्रामपंचायतीलाही ती लागू आहे, पण जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय ग्रामपंचायत ती देत नाही. मेजर सप्टेंबरमध्ये घरपट्टी भरून बसले होते. रक्कम मोठी नाही, पण परत येताना एसटीत ते सगळ्यात जास्त याच्यावरच बोलत होते, मला वाटतं गावानं आपल्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय ही भावना त्यात होती.

नोकरी, पैसा

नोकरीचं अजून जमलेलं नाही, हे आधीच सांगतो. एका कंत्राटदारानं कारखान्यावर १२ तासांची वॉचमनची ड्यूटी देऊ केली होती आणि मेजर ती घ्यायला निघाले होते कारण घरात बसवत नव्हतं. मी म्हणलं जरा थांबा, आधी हिशेब करू. केंद्र सरकारच्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातनं सर्विसची वर्षं वजा करतात आणि वर आणखी ३ वर्षं सोडतात. ४२ वजा २४, त्यातनं ३ गेले, उरले १५. "म्हणजे सरकारच्या लेखी मी पंधरा वर्षांचा?" म्हणून मेजर वहिनींकडं बघायला लागले. केंद्राच्या गट क पदांमध्ये १० टक्के, बँकांमध्ये लिपिकासारख्या पदांना साडेचौदा टक्के, राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ट्रंकेतलं ते ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट अशाच गट क पदांसाठी चालतं जिथं पदवी लागते पण तांत्रिक शिक्षण लागत नाही. तरी परीक्षा द्यावीच लागते, आणि २४ वर्षांनी गणित आणि इंग्रजी हातात घेणं सोपं नाही. सध्या मुलगा आणि बाप एकाच टेबलावर बसतात, मुलगा बापाला टक्केवारी शिकवतो. तोवर मेस्कोकडं सुरक्षा रक्षकासाठी नाव दिलंय.

इथं एक खंत आहे. सर्विस संपायच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स करता येतात, अगदी काही महिन्यांचे, आणि तेही सर्विसमध्ये असतानाच. मेजरांनी घेतला नाही. त्या वेळी युनिट फॉरवर्ड एरियात होतं आणि उरलेली सुट्टी घरी घालवावी असं त्यांना वाटलं. मला त्यात दोष देता येत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण तो घरचा विषय आहे. फौजीला ५० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, विकलेला भाग १५ वर्षांनी परत चालू होतो, त्यात ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स, फंड, शिल्लक रजेचा पगार, असं मिळून आयुष्यात एकदाच येणारी रक्कम खात्यात पडते आणि ती पडल्याचा वास माणसाआधी दलालाला लागतो. दोन विमावाले आणि एक प्लॉटवाला आमच्याआधी घरी येऊन गेले होते. सरकारी योजना अडीच महिन्यांत पोचल्या नाहीत आणि प्लॉटवाला आठव्या दिवशी पोचला, ही गोष्ट मला फार लागते. प्लॉटची इसार पावती व्हायची होती, वहिनींनी अडवून धरली होती, आम्ही सातबारा काढून बघितला तर विकणाऱ्याबरोबर आणखी चार सहहिस्सेदार होते. तो विषय तिथंच संपला.

रात्रीचं

हे लिहावं का नको असा विचार केला, मेजर म्हणाले लिही बाबू, दुसऱ्याला उपयोग होईल. झोप लागत नव्हती. पहाटे साडेचारला उठून अंगणात फेऱ्या मारायचे, पोरांवर ओरडायचे, जेवताना ताट बाजूला सारायचे, मग स्टँडवर जाऊन बसायचे. वहिनी म्हणाल्या होत्या, "सुट्टीवर यायचे तेव्हा घर हसायचं, आता घर गप्प बसतंय." संध्याकाळचं पिणं रोजचं झालं होतं. डाव्या कानानं कमी ऐकू येतं हेही मला तेव्हाच कळलं, रिलीज मेडिकल बोर्डासमोर त्यांनी ते सांगितलंच नव्हतं, घरी जायची घाई होती आणि तक्रार करणारा म्हणून शेवटच्या दिवसांत नाव नको होतं. आता त्याच्यावर डिसॅबिलिटी पेन्शन मागायची तर अपील, पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा लांबचा रस्ता आहे आणि मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. पॉलिक्लिनिकमध्ये कान तपासून घ्यायचा एवढं आधी ठरवलं.

मनाच्या बाबतीत मी डॉक्टर नाही हे मला पक्कं माहीत आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा वेगळा कक्षही सुरू झालाय. मी नंबर दिला, मेजरांनी लावला नाही. पंधरा दिवसांनी वहिनींनी लावला, स्वतःसाठी. घरात कसं बोलायचं, काय बोलायचं नाही, कधी डॉक्टरकडं न्यायचं, हे त्यांना पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं. मग एका रविवारी मेजर स्वतः बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. आता स्टँडवर बसणं थांबलंय, पिणं कमी झालंय पण थांबलेलं नाही.

आता कुठं आहे

नाव दुरुस्त व्हायला फेब्रुवारी उजाडला, म्हणजे कागद दिल्यापासून जवळपास चार महिने. मध्ये एकदा फाइल परत आली कारण प्रतिज्ञापत्रावर माहेरच्या आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं होतं. ईसीएचएसची तात्पुरती पावती त्यानंतर निघाली, आईंना अवलंबित म्हणून लावायला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला, तोही मंजूर झाला. आई काठी घेऊन चालतात. मुलीच्या शिष्यवृत्तीचा निकाल यायचाय. दुरुस्त पीपीओ स्पर्शवर आला त्या दिवशी वहिनींनी मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं, नुसतं स्वतःच्या नावाभोवती लाल गोल काढला होता.

आमच्या संघटनेत आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे महिन्यातनं एकदा कॅन्टीनच्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी रांगेशेजारी उभं राहतं, कारण नवीन पेन्शन आलेला माणूस दुसरीकडं कुठं सापडत नाही, तिथं सापडतो. त्याला यादी द्यायची नाही, पलटण विचारायची आणि कार्यालयात कुठल्या दिवशी बरोबर जायचं तेवढं ठरवायचं. दुसरी गोष्ट वहिनींच्या डोक्यातनं निघाली. त्या म्हणाल्या, तुम्ही बाहेर आलेल्यांच्या मागं लागताय, जे अजून आत आहेत त्यांच्या बायकांना का नाही विचारत? गावात आणि शेजारच्या वाडीत मिळून ज्यांचे नवरे अजून सर्विसमध्ये आहेत अशा अकरा जणींची नावं त्यांनी एका वहीत लिहिली आणि एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच, "तुझं नाव त्यांच्या कागदावर काय लावलंय ते आज रात्री विचारून घे." चौघींनी विचारून सांगितलं. त्यातल्या एकीचं माहेरचं नाव निघालं. तिच्या नवऱ्याला पेन्शन यायला अजून सात महिने आहेत, त्यानं दुसऱ्याच दिवशी युनिटच्या बाबूकडं अर्ज दिलाय.